गतिरोधक, मोटारगाडीचे
मोटारगाडीचे गतिरोधक : धावत्या मोटारगाडीचा वेग कमी करण्यासाठी, ती पूर्णपणे थांबविण्यासाठी आणि उभी केलेली गाडी जागच्या जागी रोखून धरण्यासाठी वापरण्यात येणारी यंत्रणा. बोलीभाषेत हिला ‘ब्रेक’ असेच म्हणतात. फिरत्या चाकाशी निगडित असलेल्या धातूच्या भागावर न फिरणारा झिजाऊ भाग दाबून धरला असता दोहोंमध्ये घर्षण होते आणि गाडीच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होऊन गाडी मंदावते. या झिजाऊ भागास, तो चपटा असून चकतीवर दाबला जात असल्यास ‘घर्षण-पट्टी’ (व्यवहारात ‘ब्रेक पॅड’) आणि तो वक्र असून पिंपाच्या आतील अंगावर दाबला जात असल्यास ‘नाल’ (व्यवहारात ‘ब्रेक शू’) म्हणतात. गतिरोधकातील इतर भाग वर्षानुवर्षे टिकतात, परंतु घर्षण-पट्टी मात्र झिजण्यासाठीच बनविलेली असते. त्यामुळे ती वेळोवेळी बदलणे हे गाडीच्या निगेचे एक अटळ अंग आहे आणि गतिरोधकाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या झिजणाऱ्या भागाचाच इतिहास आहे.

उष्णतेचा हिशेब : गतिरोधकाचे मुख्य काम उष्णता निर्माण करणे व ती हवेत टाकून देणे हे होय. १,००० किग्रॅ. वजनाची गाडी ताशी ६० किमी. वेगाने धावत असताना तिच्यात सु. १,३९,००० जूल गतिज ऊर्जा असते. वेग ताशी ८० किमी. झाला म्हणजे ही ऊर्जा सु. २,४७,००० जूल होते. वेग एक-तृतीयांशाने वाढला, तरी थांबविण्याचे काम पाऊणपटीहून अधिक वाढते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सपाट रस्त्यावर एकदा गाडी थांबविल्याने पुढील चकत्यांचे तापमान साधारणपणे पंचवीस-तीस अंश से. वाढते व पुढच्या काही मिनिटांत ते उतरतेही. घाटात मात्र चित्र निराळे असते. हीच गाडी ३०० मी. उंचीचा घाट केवळ गतिरोधकाच्या बळावर उतरू लागली, तर ताशी ६० किमी. वेगावरून एकवीस वेळा थांबविण्याइतकी उष्णता काही मिनिटांत निर्माण होते. तेवढ्या अवधीत ती हवेत जाऊ शकत नाही. चकत्या तापतात, घर्षण-पट्टीतील बंधक द्रव्याचे वायू होऊ लागतात आणि पट्टीची पकड ढिली पडते. यालाच गतिरोधक ‘मंदावणे’ असे म्हणतात. चालकाला पायाखाली पट्टा कठीण लागतो, परंतु गाडी थांबत नाही.

आरंभीचा काळ : बैलगाडी व घोडागाडी यांच्या काळात उतारावर चाक रोखण्यासाठी लाकडी ठोकळा लोखंडी धावेवर दाबून धरीत, चाक दोराने अगर साखळीने जखडून टाकीत किंवा गाडीमागे ओंडका बांधून तो घसटत नेत. जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारगाडीचे एकस्व मिळविले. त्या गाडीचा गतिरोधकही मूलतः याच प्रकारचा होता. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ यांनी आपल्या दोन मुलांसह मानहाइम ते फोर्झहाइम हा सु. १०० किमी.चा प्रवास या गाडीतून केला. उतारावर लाकडी ठोकळे झिजू लागले, तेव्हा त्यांनी वाटेतील एका गावी जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले, असे सांगितले जाते. मोटारगाडीच्या गतिरोधकाला अस्तर लावल्याचा हा पहिला प्रसंग मानण्यात येतो. लांबचा पहिला प्रवास आणि घर्षण-अस्तराची पहिली बदली या गोष्टी अशा रीतीने एकाच प्रवासात घडल्या.

इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांचे लक्षही अशाच एका साध्या गोष्टीकडे गेले. डार्बीशर परगण्यातील डोंगराळ रस्त्यांवर गाडीवान लाकडी ठोकळ्यांना जुन्या जोड्यांचे तळवे ठोकीत असलेले त्यांनी पाहिले. त्यावरून अधिक टिकाऊ अस्तराचे प्रयोग करून त्यांनी १८९७ मध्ये आपला उद्योग सुरू केला. आपल्या आडनावातील अक्षरांच्या फेरमांडणीत पत्नीच्या नावाचे आद्याक्षर मिसळून त्यांनी त्याला ‘फेरोडो’ हे नाव दिले. १९०७–०८ च्या सुमारास त्यांनी अस्तरासाठी अस्बेस्टॉसाचा वापर सुरू केला. हे खनिज तंतुमय, उष्णतारोधक व स्वस्त असल्यामुळे पुढील सु. सत्तर-ऐंशी वर्षे गतिरोधकाच्या अस्तरात त्याचेच प्राबल्य राहिले.

पिंप-गतिरोधक व चकती-गतिरोधक : १९०२ हे वर्ष गतिरोधकाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. या वर्षी फ्रान्समध्ये लुई रनो यांनी पिंपाच्या आत प्रसरण पावणाऱ्या नालांचा गतिरोधक सिद्ध केला आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी चकती-गतिरोधकाचे एकस्व घेतले. रनो यांची रचना झाकलेली असल्याने चिखल व पाणी यांपासून सुरक्षित राही. शिवाय तीत एक अंगभूत सोय होती : पिंपाच्या फिरण्याच्या दिशेस सन्मुख असलेली नाल घर्षणामुळेच पिंपावर अधिक घट्ट आवळली जाते. त्यामुळे कमी जोर लावूनही गाडी थांबत असे. लँचेस्टर यांच्या चकतीवर धातूच्या पट्ट्या घासत व त्यांचा कर्कश आवाज होई. योग्य घर्षणद्रव्य व पुरेसा दाब देणारी यंत्रणा यांच्या अभावी ही रचना जवळजवळ अर्धशतक मागे पडली.

दाबाचा प्रश्न द्रवीय पद्धतीने सुटला. आरंभी पायपट्ट्याचा जोर दांडे व तारा यांच्यामार्फत चाकांपर्यंत नेण्यात येई. तारा असमान ताणल्या गेल्या की गाडी एका अंगाला ओढली जाई. अमेरिकेतील माल्कम लॉकहीड (मूळ आडनाव लॉगहेड) यांनी बंद नळीतील द्रवाच्या दाबाचा उपयोग केला. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग गाडीला व १९२४ मध्ये तुलनेने स्वस्त अशा क्रायस्लर गाडीला चारही चाकांवर द्रवीय गतिरोधक बसविण्यात आले. बंद द्रवातील दाब सर्व दिशांना सारखा असतो, या पास्काल यांच्या नियमावर ही पद्धत आधारलेली आहे. उदा., चालकाने पट्ट्यावर ३०० न्यूटन जोर लावला व तरफेमुळे तो चौपट झाला, तर मुख्य सिलिंडरातील ३ चौ. सेंमी. क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर १,२०० न्यूटन प्रेरणा पडते. म्हणजे द्रवातील दाब दर चौ. सेंमी.ला ४०० न्यूटन होतो. चाकाजवळील दट्ट्याचे क्षेत्रफळ १८ चौ. सेंमी. असल्यास त्यावर ७,२०० न्यूटन प्रेरणा मिळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर वेग वाढले आणि पिंपाची मर्यादा उघड झाली. पिंप तापले की ते फुगून नालांपासून दूर जाते, तर चकती तापून जाड झाली की पट्टीच्या अधिकच जवळ येते. शिवाय चकती उघडी असल्याने लवकर निवते. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत चकती-गतिरोधक बसविलेल्या जॅग्वार गाडीने विजय मिळविला आणि १९५५ मध्ये सिट्रोएन कंपनीने आपल्या ‘डीएस’ या नेहमीच्या वापराच्या गाडीला पुढील बाजूस चकत्या बसविल्या. त्यानंतर पुढे चकती व मागे पिंप ही मांडणी हळूहळू जगभर रूढ झाली. गाडी थांबताना तिचा भार पुढे झुकतो व थांबविण्याचे बहुतांश काम पुढील चाकांवर पडते, हे या मांडणीमागील कारण होय.

भारतातील वाटचाल : भारतात गतिरोधकाची पहिली मोठी कसोटी रस्त्यावर नव्हे, तर रेल्वेमार्गावर लागली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये व थळघाटातील मार्ग १८६५ मध्ये खुला झाला. दोन्ही घाटांत ३७ स १ इतका तीव्र चढ आहे. हातांनी आवळण्याचे गतिरोधक अपुरे पडून गाडी सुटल्यास तिला वळवून चढावर नेऊन थांबविणारे विशेष फाटे या घाटांत बांधण्यात आले होते. गतिरोधक निकामी होऊ शकतो हे गृहीत धरून केलेली ही योजना होती. घाटरस्त्यांवर सुटलेल्या वाहनांसाठी खडीचे चढते फाटे बांधतात, त्यांचे तत्त्वही हेच आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय रस्त्यांवर दोन गाड्यांचे वर्चस्व होते : पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सची ‘अँबॅसडर’ आणि मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ‘फियाट ११००’. प्रीमियरची स्थापना वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये केली. तिची फियाट पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने प्रसिद्धीस आली. या दोन्ही गाड्यांना दीर्घकाळपर्यंत चारही चाकांवर पिंप-गतिरोधकच होते. प्रीमियरने १९८५ मध्ये आणलेली ‘११८ एनई’ ही गाडी आणि विशेषतः १९८३ च्या अखेरीस आलेल्या ‘मारुती ८००’ गाडीची पुढील काळातील रूपे यांमुळे पुढील चाकांवरील चकती-गतिरोधक सर्वसामान्य भारतीय कुटुंबाच्या परिचयाचा झाला. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि पद्मिनी जातीची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. खाजगी मालकांकडे मात्र या गाड्या अद्याप आहेत व त्यांचे गतिरोधक चालू स्थितीत ठेवण्याचे काम लहानमोठ्या गावांतील कारागिरांनाच करावे लागते.

सुट्या भागांच्या निर्मितीत महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय आहे. मुंबईच्या घाटकोपर भागात हिंदुस्थान फेरोडो ही कंपनी घर्षण-अस्तरे तयार करीत असे. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या इतर चाचण्यांबरोबर गतिरोधकांच्याही चाचण्या घेते. खानदेशच्या दृष्टीने विशेष नमूद करण्याजोगी गोष्ट अशी की, जळगावच्या औद्योगिक क्षेत्रात मोटारगाड्यांचे गतिरोधकच तयार होतात. कल्याणी ब्रेक्स या कंपनीचा हा कारखाना पुढे बॉश कंपनीकडे, २०१२ मध्ये चॅसिस ब्रेक्स इंटरनॅशनलकडे व २०१९ मध्ये हिताची समूहाकडे गेला. केळी व कापूस यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याची ही ओळख फारशी परिचित नाही.

खानदेशातील परिस्थिती : जळगाव जिल्ह्यातील बोदवड हे तालुक्याचे ठिकाण आणि मध्य रेल्वेच्या भुसावळ–नागपूर मार्गावरील स्थानक, तापी-पूर्णेच्या काळ्या मातीच्या सपाट प्रदेशात वसलेले आहे. येथील दैनंदिन वाहतुकीत गतिरोधकावर फारसा ताण पडत नाही आणि नेमका हाच धोका आहे. सपाटीवर अर्धवट झिजलेली पट्टी, गंजून अडकलेली पिन किंवा जुने झालेले ब्रेक ऑइल महिनोन्‌महिने खपून जाते. त्याचा दोष दिसतो तो गाडी प्रदेशाबाहेर पडल्यावर. बोदवडहून दक्षिणेस छत्रपती संभाजीनगरकडे जाताना फर्दापूरपुढे अजिंठ्याचा घाट लागतो, चाळीसगावहून कन्नडला जाताना औट्रम घाट, मुंबईकडे जाताना कसारा घाट आणि धुळ्याहून इंदूरकडे जाताना शिरपूरपुढे बिजासन घाट. खानदेशातून बाहेर पडणाऱ्याला बहुतेक दिशांना डोंगर ओलांडावा लागतो. त्यातून परतताना किंवा पुढे जाताना उतार हा आलाच.

या प्रदेशाचे हवामानही गतिरोधकाला अनुकूल नाही. उन्हाळ्यात भुसावळ-जळगाव भागात तापमान ४५° से.पर्यंत व कधीकधी त्याहूनही वर जाते. काळ्या मातीची बारीक धूळ सरकपिनांच्या रबरी टोप्यांतून आत शिरते व वंगणाशी मिसळून लुकणासारखी घट्ट होते. पावसाळ्यात तोच चिखल पिंपात साचतो व ओली नाल काही काळ पकड घेत नाही. पाण्यातून गाडी काढल्यावर पट्टा हलका दाबून थोडे अंतर चालविण्याची चालकांची जुनी सवय या दृष्टीने शास्त्रशुद्ध आहे.

घाटात गतिरोधक निकामी होण्याचे परिणाम ४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यातील पळासनेर येथे दिसून आले. मुंबई–आग्रा महामार्गावर मध्य प्रदेशाकडून येणारा मालट्रक उतारावर अनावर होऊन अन्य वाहनांना धडकला व रस्त्यालगतच्या उपाहारगृहात शिरला. या अपघातात किमान दहा व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत केवळ चहासाठी वा बसच्या प्रतीक्षेत थांबलेली, त्या वाहनाशी काहीही संबंध नसलेली माणसे होती. गतिरोधकाची निगा ही केवळ गाडीच्या मालकाची खाजगी बाब नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

घर्षण-पट्टी व तिची जोडसामग्री : जुन्या गाडीच्या पुढील चाकावरील चकती-गतिरोधकाचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात. बिडाची चकती चाकाबरोबर फिरते. तिला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा न फिरणारा जबडा असतो, त्यास ‘कॅलिपर’ म्हणतात. सरकत्या कॅलिपरात दट्ट्या फक्त आतील बाजूस असतो. तो आतील पट्टी चकतीवर दाबतो आणि प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरील पट्टी ओढून घेतो. पट्ट्या ज्या चौकटीत बसतात, तीत पोलादी पत्र्याच्या पातळ क्लिपा असतात. त्यांवरून पट्टीचे कान सहज सरकतात व पट्टी खडखडत नाही. पट्टीच्या पाठीवरील पातळ पत्रा कंपन व आवाज शोषून घेतो. या लहान वस्तूंना एकत्रितपणे जोडसामग्री म्हणता येईल.

नवी पट्टी बसवून जुनी जोडसामग्री तशीच ठेवणे ही वारंवार आढळणारी चूक होय. क्लिपांखाली गंज चढला, तर पट्टीची जागा आवळते व पट्टा सोडल्यावरही पट्टी चकतीला घासत राहते. सरकपिना अडकल्या तर बाहेरील पट्टीवर दाबच पडत नाही आणि आतील पट्टी एकटीच झिजत जाते. म्हणून जुन्या पट्ट्या टाकून देण्यापूर्वी त्यांची तपासणी करणे उपयुक्त ठरते. आतील पट्टी बाहेरीलपेक्षा बरीच पातळ झाली असल्यास सरकपिना किंवा दट्ट्या यांत दोष असतो. पट्टी पाचरीसारखी तिरपी झिजली असल्यास कॅलिपर वा पट्टीची बैठक अडखळत असते. एका चाकावरील पट्ट्या दुसऱ्याहून लवकर संपल्या असल्यास त्या चाकाचा दट्ट्या मागे परतत नसावा किंवा रबरी नळी आतून सुजलेली असावी. झिजलेली पट्टी ही अशा रीतीने यंत्रणेच्या प्रकृतीची नोंदवहीच असते.

नव्या पट्टीवरील घर्षणद्रव्याची जाडी साधारणपणे १० मिमी. असते. ती ३ मिमी.च्या आसपास आली म्हणजे पट्टी बदलावी. काही पट्ट्यांना पोलादी जीभ असते. द्रव्य संपत आले की ती चकतीला लागून चिरका आवाज करते. हा आवाज म्हणजे इशारा असून तो ऐकू येऊनही गाडी चालवीत राहिल्यास पट्टीची पोलादी पाठ चकतीवर घासते व चकतीही निकामी होते.

जोडणीची रीत : काम सपाट व कठीण जमिनीवर करावे. जमिनीवर टेकून राहणाऱ्या चाकांना दगड अगर लाकडी पाचर लावावी. चाकाच्या चाक्या गाडी उचलण्यापूर्वीच सैल कराव्यात. गाडी उचलल्यावर ती केवळ जॅकवर न ठेवता पक्क्या आधारावर टेकवावी. एका वेळी एकाच बाजूचे काम करावे, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून उपलब्ध राहते. एका आसावरील दोन्ही चाकांच्या पट्ट्या मात्र एकाच दिवशी बदलाव्यात, नाहीतर गाडी थांबताना एका अंगाला ओढली जाते.

कॅलिपरचा एक खिळा काढून तो वर उचलावा किंवा दोन्ही काढून कॅलिपर तारेने बांधून ठेवावा. तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये, कारण नळीच्या आतील थर त्यामुळे फाटू शकतो व तो दोष बाहेरून दिसत नाही. जुन्या पट्ट्या व क्लिपा काढून बैठकीवरील गंज तारेच्या ब्रशाने व कानशीने धातू उघडा होईपर्यंत साफ करावा. नव्या क्लिपा बसवाव्यात. सरकपिना पूर्ण बाहेर काढून पुसाव्यात व उच्च तापमानास टिकणारे, रबराला न खाणारे वंगण त्यांना अगदी पातळ लावावे. साधे ग्रीस वापरल्यास रबरी टोप्या फुगतात व पिन पुन्हा अडकते. घर्षणद्रव्यावर किंवा चकतीवर वंगणाचा अंशही लागता कामा नये.

नवी पट्टी जाड असल्याने दट्ट्या मागे सारावा लागतो. त्यापूर्वी ऑइलच्या टाकीतील थोडे द्रव काढून घ्यावे, नाहीतर ते उतू जाऊन गाडीचा रंग खराब करते. दट्ट्या शिकंज्याने सावकाश व सरळ दाबावा. त्याच्या कडेचे रबरी आवरण फाटलेले किंवा ओले आढळल्यास केवळ पट्टी बदलून भागत नाही, कॅलिपरचीच दुरुस्ती करावी लागते. चकतीवर खोल चरे, निळसर डाग वा भेगा आहेत काय ते पाहावे आणि तिची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मर्यादेशी ताडून पाहावी. सर्व भाग जोडून चाक बसविल्यावर गाडी हलविण्यापूर्वी पायपट्टा अनेकदा दाबून तो कठीण लागेपर्यंत थांबावे. हे न केल्यास पहिल्या दाबाला पट्टा तळापर्यंत जातो व गाडी थांबत नाही. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून पट्टा सौम्यपणे दाबून गाडी वारंवार मंद करावी व दोन वेळांमध्ये चकती निवू द्यावी. त्यामुळे घर्षणद्रव्याचा एक समान थर चकतीवर चढतो व पकड पूर्ण येते.

ब्रेक ऑइल हे नावाने ‘ऑइल’ असले, तरी खनिज तेल नव्हे. ते ग्लायकॉल वर्गातील द्रव असून हवेतील आर्द्रता शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५° से. असतो. पाणी मुरलेल्या द्रवासाठी हीच मर्यादा १४०° से. इतकी खाली येते. घाटात द्रव उकळून नळीत वाफ झाली, तर वाफ दबते आणि दाब चाकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून साधारणपणे दोन वर्षांनी हे द्रव बदलावे. चुकून यंत्रातील तेल किंवा रॉकेल यात मिसळले, तर सर्व रबरी भाग फुगून संपूर्ण यंत्रणा निकामी होते.

अस्बेस्टॉसाचा प्रश्न : पिंप-गतिरोधकाच्या काळात जुनी नाल टाकून न देता तिच्यावरील अस्तर उखडून नवे अस्तर पोकळ रिवेटांनी ठोकून बसविण्याची रीत होती. व्यवहारात याला ‘लायनर मारणे’ म्हणत. पिंपात साचलेली काळी भुकटी कारागीर तोंडाने फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवीत. या भुकटीतील अस्बेस्टॉसाचे सूक्ष्म तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात व वीस, तीस किंवा अधिक वर्षांनी अस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हे रोग उद्भवू शकतात. रोग दिसेपर्यंत कारणाची आठवणही उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांसंबंधी दिलेल्या निर्णयात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीवनाच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे मान्य केले आणि कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी दीर्घकाळ जपून ठेवण्याचा आदेश दिला. हा निर्णय कारखान्यांपुरता होता. रस्त्याकडेच्या कार्यशाळेत उकिडव्याने बसून काम करणाऱ्या कारागिराची नोंद कोणत्याच वहीत नसते.

अस्बेस्टॉसाऐवजी आता काचतंतू, अरामिड तंतू, पोलादी तंतू, खनिजे, ग्रॅफाइट व रेझीन यांची मिश्रणे वापरतात. तथापि जुन्या गाडीवर किंवा जुन्या साठ्यातील अस्तरात अस्बेस्टॉस असण्याची शक्यता असतेच व ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून गतिरोधकातील कोणतीही भुकटी कधीही फुंकू वा झाडू नये. ती पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसून घ्यावी व ते फडके पिशवीत बंद करून टाकावे. या उपायाला काहीच खर्च येत नाही.

आधुनिक सुधारणा व मर्यादा : मुख्य सिलिंडराचे दोन स्वतंत्र कप्पे करून एक गळला तरी दुसऱ्याने निदान दोन चाके रोखली जावीत, ही योजना पुढे सर्वत्र रूढ झाली. एंजिनाच्या निर्वाताचे साहाय्य घेऊन पायाचा जोर वाढविण्यात येऊ लागला. चाक जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनीय यंत्रणा भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारगाड्यांना सक्तीची करण्यात आली. या सुधारणा मोलाच्या असल्या, तरी अखेरीस चकतीवर पट्टी दाबली जाणे हेच त्या सर्वांचे शेवटचे पाऊल असते. ती पट्टी झिजलेली किंवा तिची पिन अडकलेली असेल, तर त्यापूर्वीची सर्व यंत्रणा व्यर्थ होय.

इंधन वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची किंवा एंजिन बंद करण्याची सवय विशेष घातक आहे. तीमुळे एंजिनाचा स्वाभाविक अटकाव नाहीसा होतो, निर्वाताचे साहाय्यही थोड्याच दाबांत संपते व सर्व भार घर्षण-पट्ट्यांवर पडतो. ज्या गिअरमध्ये घाट चढावयाचा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे. लाकडी ठोकळ्यावर ठोकलेल्या चामड्यापासून आजच्या संमिश्र द्रव्यापर्यंत घर्षण-पट्टीचे रूप पुष्कळ बदलले, परंतु ती वेळेवर पाहणारा डोळा व ती नीट बसविणारा हात यांची गरज सव्वाशे वर्षांत कमी झालेली नाही.